आधी तुटलेले लोखंड पाहा, मग मशीन



हस्ताचा पाऊस पडतो, रानाला वापसा येतो, ज्वारीची पेरणी तीन-चार दिवसांत उरकायची असते, आणि नेमका त्याच सकाळी बालाघाटाच्या मुरमाड रानात तिफणीचा फण दगडाला अडकून मोडतो. फण घेऊन मांजरसुंब्याच्या चौकात यावे, तर वेल्डिंगवाल्यापुढे ट्रॉल्यांची रांग. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर, ऊसतोडीच्या गाड्यांचे काम आधी. त्याचा तरी काय दोष? मोठे गिऱ्हाईक तो आधी करणारच. पण त्या एका दिवसात वरची ओल उडून जाते. दुरुस्तीची मजुरी शे-दोनशे रुपये, आणि उशिराने होणारे नुकसान पोत्यांत मोजावे लागते.

पूर्वी गावचा लोहार बलुत्यावर होता. उन्हाळ्यात घिसाडी पाल टाकून फाळाला पाणी देऊन जात. ती व्यवस्था मोडली, तिच्यातला जाच गेला हे बरेच झाले. पण तिच्या जागी गावात दुसरे काही उभे राहिले नाही. म्हणून आता बैठकीत हटकून प्रश्न येतो : घरी वेल्डिंगचे मशीन घ्यावे का? मोबाईलवर त्या स्वस्त 'मिग' मशीनची जाहिरात दिसते, ते कसे?

मशीन घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी माजघर शेती मांडली. शेतमालावरची प्रक्रिया घरी करा, तिचा पैसा घरात ठेवा, हा तिचा गाभा. दुरुस्तीचा पैसा आणि दुरुस्तीची वेळ आपल्या हातात ठेवणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे. मात्र जाहिरात पाहून घेतलेले मशीन आणि आपल्या रानातले काम यांचा मेळ बसत नाही, हे आधी समजून घ्या.

मिग म्हणजे रॉडऐवजी रिळावरची बारीक तार. टॉर्चचे बटण दाबले की तार आपोआप पुढे सरकते, आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड, किंवा त्यात आरगॉन मिसळलेला वायू, वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकून ठेवतो. पत्रा, चौकोनी पाईप, दाराची चौकट अशा पातळ कामावर शिकाऊ माणसाचाही जोड देखणा येतो. (माणसाचा म्हणजे बाईमाणसाचाही. बटण दाबायला मिशा लागत नाहीत.) पण हा वायू वाऱ्याने उडतो. झपाझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाचा वारासुद्धा त्याला पुरे होतो, आणि मग जोडात आतून भोके पडतात. ज्या वाऱ्याच्या भरवशावर आपल्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या वाऱ्यात उघड्या अंगणात हे काम करायचे आहे! शिवाय सिलिंडर भरून आणायला तालुक्याची खेप आहेच.

यावर तोड म्हणून 'विनागॅस' तार विकली जाते. तारेच्या पोटात भुकटी असते, ती जळून स्वतःचा धूर आणि मळीचे कवच तयार करते. वाऱ्यात ती टिकते, हे खरे. पण ती साध्या तारेपेक्षा महाग, धूर जास्त, आणि तिच्या काही स्वस्त जाती एकाच थराच्या पातळ कामासाठी केलेल्या असतात. ट्रॉलीच्या हुकावर अशा तारेचा भरवसा धरू नका. आणखी एक गोम : साध्या तारेला टॉर्च अधिक टोकाला जोडावी लागते, विनागॅस तारेला उणे टोकाला. ही अदलाबदल ज्या मशीनमध्ये करता येत नाही ते घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

आता आपले काम काय असते ते पाहा. कुळवाचा दांडा, तिफणीचा फण, बैलगाडीची कडी, ट्रॉलीचा हुक. लोखंड जाड, गंजलेले, मातीने भरलेले. मिगला चकचकीत घासलेले लोखंड लागते. रॉड थोडा गंज सोसतो. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने पहिले मशीन साधे रॉडचे इन्व्हर्टर घ्यावे. पदरी थोडे जास्त पैसे असतील आणि गेट-पत्र्याचे कामही असेल, तर तार आणि रॉड दोन्ही चालणारे एकच मशीन घ्यावे. निव्वळ विनागॅस मिग हा आपल्यासाठी तिसरा पर्याय आहे.

वखराच्या पासेबाबत मात्र सावध राहा. ती पुष्कळदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची केलेली असते. त्या पोलादाला थंडच जोड मारला की शेजारी तडा जातो. ते काम भट्टीवाल्याचे आहे, त्यालाच द्या. बिडाचे भागही तसेच.

विजेचा हिशेब मशीनच्या खोक्यावर मिळत नाही. तीन मिलिमीटरच्या पट्टीला १२० अँपिअर धरा, म्हणजे सुमारे २० व्होल्टला २४०० वॅट बाहेर पडले. मशीनची स्वतःची खोट धरून तीन हजार वॅट आत यावे लागतात. २३० व्होल्टला ते १३ अँपिअर होतात. स्वस्त मशीन त्याहूनही जास्त ओढते. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर आले की १७ अँपिअर, आणि घरचा मोठा सॉकेट असतो १६ चा. तेव्हा जाड तांब्याची वायर ओढा, आणि किती कमी व्होल्टेजवर मशीन चालते हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. शेतपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग करू नका. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात '२००' लिहिलेले असते. त्याला भुलू नका. १२० अँपिअरवर दहा मिनिटांत किती मिनिटे चालते ते विचारा. तीस टक्के म्हणाला, तर तीन मिनिटे काम आणि सात मिनिटे विश्रांती. ही मोजणी किती तापमानाला केली हेही विचारा. आपला वैशाख चाळीस अंशांच्या वर असतो.

सरकारचे गणितही पाहून ठेवा. बैलाने ओढायच्या अवजारांवर जीएसटी नाही. ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आणि तीच अवजारे दुरुस्त करणाऱ्या वेल्डिंग मशीनवर १८ टक्के! कारखानदार हा कर पुढच्या करातून वजा करून घेतो. शेतकऱ्याला ती वाट नाही, तो पुरता भरतो. जिल्हा बैठकीत हा ठराव आलाच पाहिजे. तोवर चार-पाच घरांनी मिळून एक मशीन घ्यावे, आणि गावात आयटीआयचा वेल्डर ट्रेड केलेला पोरगा असेल तर दोन दिवस त्याच्या हाताखाली शिकावे.

काळी काच, चामड्याचे हातमोजे आणि सुती कपडे यांत काटकसर नको. आपण कापूस पिकवतो आणि टेरिकॉट घालतो; ठिणगीने टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतो. डिझेलची रिकामी टाकी जोडायला घेऊ नका, आतल्या वाफेने ती फुटते. आणि मार्गशीर्षात घरात वेचणीचा कापूस, दारात कडब्याची गंज असते तेव्हा काम रानात न्या. ठिणगी पस्तीस फुटांपर्यंत जाते असे धरून अग्निसुरक्षेचे नियम केलेले आहेत. कापसात पडलेली ठिणगी लगेच दिसत नाही, आत धुमसत राहते आणि रात्री पेटते. काम संपल्यावर तासभर तिथेच बसून राहा. चहा तिथेच मागवा.