चांगुलपणाचे पासबुक

कॉन्व्हेंट शाळेच्या प्राथमिक विभागात कधी गेलात, तर पहिली-दुसरीच्या वर्गाच्या भिंतीवर बहुधा एक तक्ता दिसेल. डाव्या बाजूला मुलांची नावे, वर आठवड्याचे वार आणि मधल्या चौकोनांत चिकटवलेले सोनेरी-रुपेरी तारे. रांगेत नीट उभा राहिला, एक तारा. डबा खाताना गडबड केली नाही, एक तारा. न सांगता 'थँक्यू' म्हणाला, आणखी एक. महिनाअखेरीस ज्याचे तारे सर्वांत जास्त, त्याच्या खिशावर 'गुड कंडक्ट'चा बिल्ला लागतो आणि त्या दिवशी घरी श्रीखंड होते.

बँकेत खातेवह्या तपासण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हा तक्ता बघताक्षणी ओळखीचा वाटतो. हे पासबुक आहे. त्यात जमा आहे, नावे आहे आणि शिल्लकही आहे. फरक एवढाच, की कोणतीही बँक आपल्या खातेदाराची शिल्लक भिंतीवर लावत नाही.

या तक्त्याला नावे ठेवण्यापूर्वी तो कशाच्या जागी आला, हे लक्षात घेतले पाहिजे. आमच्या पिढीने छडी खाल्ली, अंगठे धरले, बाकावर उभे राहून तास काढले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले. पण वारे कुठल्या दिशेने वाहते आहे, हे त्यांनाही कळले होते. पन्नास मुलांचा वर्ग, हातात छडी नाही आणि घसा तर दोनच तासांत बसतो. अशा शिक्षिकेने ताऱ्यांचा आधार घेतला तर तिला दोष कसा द्यावा?

बक्षिसे ही काही काल-परवाची टूमही नव्हे. कॅथलिक शाळांची परंपरा याबाबतीत फार जुनी आहे. जेझुइटांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी जो नियमग्रंथ केला, त्यात जाहीर बक्षीस-समारंभ आहेत आणि मुलांना चुरशीसाठी प्रतिस्पर्धी नेमून देण्याची पद्धतही आहे. फ्रान्समध्ये गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या जॉं-बाप्तिस्त द ला साल यांची शाळा चालवण्याची रीत त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १७२० साली, छापून निघाली. तिच्यात छडीचे नियम आहेत, बक्षिसांचे आहेत आणि मूल शाळेत का येत नाही याची कारणे शोधण्याचेही आहेत. म्हणजे मुलांना वळण कसे लावावे, हा प्रश्न या मंडळींनी तीन-चारशे वर्षे घासूनपुसून पाहिला आहे.

मग अडचण कुठे आहे?

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. काही दिवसांनी तीच पेने वर्गात पुन्हा मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या कबुलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या निम्म्यानेच तिकडे वळली. बाकीच्या दोन्ही गटांची आवड टिकून होती. म्हणजे बक्षिसाने नुकसान केले नाही, नुकसान केले ते आधी ठरवलेल्या सौद्याने.

यावर एखादी शिक्षिका म्हणेल, चित्र काढायला मुलांना आवडते हो, पण रांगेत उभे राहायला कोणाला आवडते? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर देणारा प्रयोगही आहे. १९६९ साली कॅन्सासमधल्या एका शाळेत चौथीच्या वर्गात एक खेळ मांडला गेला. वर्गाचे दोन गट केले. कोणी जागा सोडली किंवा मध्येच बोलले, की फळ्यावर त्याच्या गटापुढे एक रेघ. रेघा कमी तो गट जिंकला; मात्र दोन्ही गटांच्या रेघा ठरावीक आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही गट विजयी. वर्गातला गोंगाट झपाट्याने कमी झाला. एकाच्या जिंकण्यासाठी दुसऱ्याने हरायलाच हवे, अशी अट त्यात नव्हती. पण त्या वर्गातही दोन मुले कशालाच बधली नाहीत आणि शेवटी त्यांना गटांतून वेगळे काढावे लागले.

मला विचार करावासा वाटतो तो अशा दोन मुलांचा. प्रत्येक वर्गात ती असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला एका जागी बसवत नाही, यात त्याचा गुन्हा तो कोणता? एखाद्याच्या घरी रात्रभर भांडण चाललेले असते. एखादीच्या घरात इंग्रजीचा गंध नसतो. बाईंची सूचना तिला कळेपर्यंत बाकीच्यांनी पुस्तके उघडलेली असतात. काही इंग्रजी शाळांत तर मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दलही खूण होते, म्हणजे आईची भाषा खात्यात नावे पडते. अशा मुलाच्या नावापुढचे रिकामे चौकोन सबंध वर्ग रोज वाचतो. महिन्या-दोन महिन्यांत तो स्वतःही ते वाचायला शिकतो आणि आपण 'तसलेच' आहोत, हे मुकाट्याने मान्य करतो. छडीचा वळ संध्याकाळपर्यंत जायचा, हा तक्ता मात्र भिंतीवरून हलत नाही.

कॅथलिक शाळेत तर ही गोष्ट अधिकच विसंगत वाटते, कारण त्या धर्माची शिकवण नेमकी उलट आहे. दान करताना उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, असे येशूने सांगितले. द्राक्षमळ्याच्या त्याच्या दृष्टांतात सकाळपासून राबलेल्या मजुराला आणि संध्याकाळी आलेल्या मजुराला मालक सारखीच मजुरी देतो. आमच्यासारख्या हिशेबनिसांना हा दृष्टांत पहिल्या वाचनात पचत नाही. त्याचे मर्मच ते आहे.

त्याहून बोलका आहे तो मुलांचा पापनिवेदनाचा संस्कार. पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सातच्या आसपास आणले. त्यामुळे प्राथमिक शाळेतच कॅथलिक मुले त्याची तयारी करतात, आणि त्या वेळी आपली मुले बहुधा शेजारच्या वर्गात मॉरल सायन्स शिकत असतात. या संस्कारात मूल आपली चूक एका माणसाच्या कानात सांगते. तो ती कोणाजवळ उच्चारू शकत नाही. छोटेसे प्रायश्चित्त मिळते आणि पाटी कोरी होते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण मुलाच्या चुकीला गुप्तता, भरपाई आणि नवी सुरुवात देणारी अशी व्यवस्था ज्यांच्या चर्चमध्ये आहे, त्यांच्याच शाळेत चुकीची जाहीर नोंद महिनाभर लटकत राहावी, याचे नवल वाटते.

यासाठी या शाळांना बाहेर पाहण्याची गरज नाही. इटलीतल्या तुरीन शहरात कामधंद्यासाठी आलेल्या अनाथ, उनाड पोरांना गोळा करणाऱ्या डॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या पद्धतीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार. मुलांना मारायचे नाही. समज द्यायची ती सहसा एकांतात, सोबत्यांसमोर नाही. आणि शिक्षकाने खेळाच्या मैदानातही मुलांत असायचे, म्हणजे शिक्षेची वेळच फारशी येत नाही. ज्याच्याशी आपण चेंडू खेळतो, त्याचा नुसता उतरलेला चेहराही मुलाला पुरतो.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तिथली एक हकिकत त्यांनी नोंदवली आहे. शहाण्या मुलाच्या छातीवर लावलेले पदक काम करताना खाली पडले, ते शिक्षा म्हणून बसवलेल्या मुलाने उचलले. पदकवाल्याला त्याचे काहीच वाटले नाही, तो आपल्या कामात दंग होता. ते लावून खूश झाला तो शिक्षा भोगणारा. त्या प्रसंगाने बाईंना बक्षीस आणि शिक्षा या दोहोंचा फोलपणा दिसला. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हीच दृष्टी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली.

मग शाळेने करावे काय? कौतुक बंद करू नये, ते ठरावीक आणि हळू आवाजात करावे. 'गुड बॉय' म्हणण्याऐवजी 'तू नव्या मुलीला डब्यातले दिलेस, मी पाहिले' असे सांगावे. बक्षीस द्यायचेच तर ते सबंध वर्गाने मिळून कमवावे, म्हणजे एखादी जास्तीची गोष्ट किंवा मैदानावरचा तास. पाणी सांडले तर फडके हातात द्यावे. कालची रेघ आजच्या फळ्यावर ठेवू नये. आणि कॅलेंडर नावाची जी वही घरी येते, तिच्यात केवळ तक्रार न लिहिता एखादी चांगली ओळही लिहावी, विशेषतः त्या दोन मुलांच्या वहीत.

आपणा आई-वडील, आजी-आजोबांचा वाटाही थोडा नाही. मूल दारात आले, की 'आज किती स्टार?' असे आपणच विचारतो आणि शेजारच्या मुलाचे किती, हेही विचारतो. तारे मिळाले तर सायकल देण्याचे कबूल करतो. पुढे कधीतरी हेच मूल म्हाताऱ्या आजीला औषध देण्यापूर्वी 'मला काय मिळेल?' असे विचारते आणि आपण म्हणतो, हल्लीची मुले अशीच!

पुढच्या पालकसभेत शिक्षिकेशी भांडायला जाऊ नये. पन्नास मुले सांभाळणाऱ्या त्या बाईला आपल्याहून जास्त ठाऊक असते. एवढेच विनंतीवजा सुचवावे, की त्या तक्त्यावरची नावे काढता येतील का? बँकेचा पहिला धडा असा, की खाते हा खातेदार आणि बँक यांच्यातला मामला असतो. सात वर्षांच्या मुलाला तेवढा मान द्यायला काहीच हरकत नसावी.