शर्यत थांबली, पैदास करणाऱ्यांचे काय?

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या मतदारांनी 2018 साली पैजेच्या श्वानशर्यतींवर बंदीचा कौल दिला आणि 2020 च्या अखेरीस तेथील धावपट्ट्या बंद पडल्या, हे मला सर्वथा न्याय्य वाटते. यांत्रिक सशामागे धावताना वळणावर पाय मोडणाऱ्या मुक्या जिवाची वेदना जुगाराच्या महसुलाने भरून निघत नाही. परंतु कॅन्ससमधील ॲबिलीनच्या परिसरात ज्या कुटुंबांनी पिढ्यानुपिढ्या अशा शर्यतींसाठी ग्रेहाउंड जातीच्या श्वानांची पैदास केली, पिलाच्या डाव्या कानात वेताचा नोंदणी क्रमांक आणि उजव्या कानात जन्माचा महिना व वर्ष गोंदवून त्याची वंशावळ दप्तरी काटेकोरपणे जपली, त्यांना सरसकट क्रूर ठरवून मोकळे होणे हा अन्याय आहे. वर्षानुवर्षे पैजांवर कर वसूल करणाऱ्या सरकारने बंदी घालताना या कुटुंबांच्या नुकसानभरपाईची आणि निवृत्त श्वानांच्या आश्रयाची तजवीज कायद्यातच केली पाहिजे.