गुबगुबीत अक्षर

परवा नातीने एक टी-शर्ट आणला. छातीवर एकच इंग्रजी शब्द, आणि त्याची अक्षरे कढईतल्या भज्यांसारखी टम्म फुगलेली. "आजोबा, कसा आहे?" तिने विचारले. मी शर्टाकडे पाहिलेच नाही. म्हणालो, "अगं, हा तर कूपर ब्लॅक!" तिला वाटले, मी कुठल्या तरी गायकाचे नाव घेतले.

जुन्या ओळखीचा माणूस अचानक भेटावा तसे मला झाले. ओळख जुनी खरी, पण प्रेमाची मुळीच नव्हती.

१९७५ च्या सुमाराची गोष्ट. गिरगावातल्या एका लहानशा जाहिरात-स्टुडिओत मी उमेदवारी करत होतो. संगणक कुठला असायला! इंग्रजी मथळा हवा असला की लेट्रासेटचा कागद घ्यायचा, अक्षर जागेवर धरायचे आणि वरून घासून खालच्या कागदावर उतरवायचे. कागद महाग. त्यातले 'ई' संपले की 'एफ'ला खाली आडवी रेघ ओढून वेळ मारून न्यायची. आमचे ज्येष्ठ चित्रकार, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणत असू, ते बिस्किटांपासून विम्यापर्यंत कशालाही कूपर ब्लॅकच काढत. मी मात्र बोडोनीवर लुब्ध! भक्कम दांडा आणि त्याला जोडणारी केसासारखी बारीक रेघ, काय तो डौल! त्यापुढे कूपर म्हणजे पंगतीत आडवा हात मारून सुस्तावलेला व्याही.

या अक्षराचा कर्ता ऑस्वाल्ड कूपर. जन्म १८७९, अमेरिकेतला. शिकागोला गेला तो चित्रकार व्हायला. चित्रकला काही जमेना, पण तिथल्या शाळेत फ्रेडरिक गाउडी अक्षररेखन शिकवत, त्यांच्या वर्गात त्याचा हात बसला. पुढे त्याने भागीदारीत स्वतःची संस्था काढली आणि तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप ओतणाऱ्या कारखान्यासाठी १९२२ साली कूपर ब्लॅक तयार केला. सोवळ्या मुद्रकांनी नाके मुरडली, जाहिरातवाल्यांनी मात्र तो डोक्यावर घेतला. खप इतका, की प्रतिस्पर्धी लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीलाही तसलेच काही हवेसे झाले. ते काढून द्यायचे काम कोणाकडे आले असेल? खुद्द गाउडींकडे! १९२५ चा 'गाउडी हेवीफेस' तो हाच. शिष्याची नक्कल गुरूने करायची, हा योगही विरळाच.

रोमन अक्षराच्या टोकांना बारीक पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. कूपरने हे पाय मेणासारखे वितळवून गोल केले. दांड्यांचे तळही सपाट ठेवले नाहीत, किंचित फुगवले. 'ओ'चे पोट मोठे, भोक लहान आणि तेही मागे रेललेले. खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड, त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून लावता येतात. एवढे जाड असूनही हे अक्षर अंगावर येत नाही, कारण त्याला टोचणारे असे काही नाहीच. हल्ली फोनवर जाड ठशात येणारे निरोप वाचताना कोणी तरी खेकसते आहे असे वाटते. कूपर मोठ्याने बोलतो, पण हसून. म्हणूनच १९६६ साली बीच बॉईजच्या 'पेट साउंड्स'च्या वेष्टनावर तो शोभला आणि १९९५ साली इझीजेटच्या नारिंगी विमानांवरही.

आपल्या देवनागरीला असे लठ्ठ करणे मोठे कठीण. डोक्यावरची रेघच निम्मी जागा खाते आणि 'ष'चे पोट शाईने बुजते. मास्तर ब्रशने काढत, तेव्हा आतली पोकळी चिरेएवढीच ठेवत. एक टाइप या संस्थेचा 'मोदक' फॉन्ट मी पाहिला, तेव्हा तीच युक्ती दिसली आणि मास्तर आठवले.

कूपर म्हणे, हे अक्षर दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचे दिसत नाही. तेव्हा मला ही निव्वळ कोटी वाटली. मग एका बेकरीच्या लेबलाचे काम आले. मास्तर रजेवर होते, मी हौसेने बोडोनी लावला. कागद स्वस्तातला, छपाई बेताची. बारीक रेघा उमटल्याच नाहीत, 'एन'चे नुसते दोन खांब उरले. पाच हजार लेबले रद्दीत गेली. मास्तरांनी माझ्या पगाराला हात लावू दिला नाही. मुकाट्याने कूपर काढला आणि नेहमीप्रमाणे गॅलरीच्या टोकाला टाचून चहा आणणाऱ्या पोऱ्याला विचारले, "वाच रे, काय लिहिलंय?" पोऱ्याने अडखळत का होईना, वाचले.

ही परीक्षा मास्तर प्रत्येक कामाला घेत. गिऱ्हाइकाची बाजू म्हणून घेतात, अशी माझी समजूत. त्यांना स्वतःलाच तेवढ्यावरून दिसत नव्हते, हे कळायला मला दहा वर्षे लागली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नोकरी जाईल म्हणून कोणाला सांगितले नव्हते.

ऑपरेशननंतर नवा चष्मा आला तेव्हा त्यांना भेटायला गेलो. माझ्या हातात एक परदेशी मासिक होते. त्यांनी ते ओढून घेतले, मथळा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला आणि एका बारीक रेघेवरून नख फिरवत म्हणाले, "बोडोनी ना रे? सुंदर आहे की!"