एचबीच्या खालचा आकडाही वाचा: पारगावकरांना आवाहन

रक्ताचा रिपोर्ट हाती पडला की घरातल्यांची नजर एकाच आकड्यावर जाते: एचबी (हिमोग्लोबिन) किती? साडेदहा, अकरा. मग बीट, खजूर आणि मेडिकलमधून आणलेली रक्तवाढीची बाटली. त्याच कागदावर काही ओळी खाली आरडीडब्ल्यू असतो, तो मात्र कुणी वाचत नाही. जुन्नरमधले पारगाव तर्फे आळे असो की भीमाशंकर साखर कारखान्याचे आंबेगावातले पारगाव, दोन्हीकडच्या ग्रामस्थांनी ही ओळ वाचायला शिकावे, यासाठी हे आवाहन.

त्याच रिपोर्टातला एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान; प्रौढांत ते साधारण 80 ते 100 फेम्टोलिटर असते. आरडीडब्ल्यू सांगतो, या पेशी एकमेकींपेक्षा किती लहानमोठ्या आहेत. तो साधारण 11.5 ते 14.5 टक्के असावा. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, बी-12 किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले की मोठ्या. दोन्हींची उणीव एकाच शरीरात असेल तर? सरासरी 88 भरते आणि रिपोर्ट वरवर नॉर्मल दिसतो. गोळा कांदा आणि चिंगळी एकाच पिशवीत भरली तर सरासरी मध्यमच येणार, पण तो माल मध्यम आहे असे आळेफाट्याच्या बाजारात कुणी म्हणणार नाही. ही सरमिसळ आरडीडब्ल्यूमध्ये दिसते.

ही दुहेरी उणीव आपल्या भागात दुर्मीळ मानून चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतील गरोदर मातांचा अभ्यास केला. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-12 कमी निघाले. फॉलिक ॲसिडची उणीव जवळपास नव्हतीच. बी-12 मिळते दूध, अंडी, मासे, मटणातून. दुभत्या गावांतसुद्धा दूध डेअरीला जाते आणि घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरते उरते, हे बदलायलाच हवे. त्यातच 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

म्हणून जुने रिपोर्ट तारखेनुसार एका फायलीत ठेवावेत. आरडीडब्ल्यू वाढलेला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात फाईल दाखवून सरळ विचारावे, “डॉक्टर, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-12 तपासायचं का?” पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुली, गरोदर स्त्रिया, माळकरी घरातली वडीलधारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांनी तर हे टाळूच नये. पायाला मुंग्या येत असतील तर थांबूच नये. बी-12 ची कमतरता असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर एचबी सुधारतो, पण नसांची हानी चालूच राहते. अर्थात, आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

उपचार सुरू झाल्यावर आरडीडब्ल्यू आधी वाढू शकतो. नव्या, योग्य आकाराच्या पेशी जुन्यांत मिसळत असतात आणि जुन्या पेशी सुमारे 120 दिवस टिकतात. घाबरून औषध सोडू नये. उलट एमसीव्ही खूप कमी आणि आरडीडब्ल्यू नॉर्मल असेल तर थॅलेसेमियाचा वाहकपणा असू शकतो. तिथे लोहाची बाटली कामाची नाही, एचबीए-2 ची तपासणी लागते, आणि ती लग्नाआधी झालेली बरी.

ग्रामपंचायत, महिला बचत गट आणि तरुण मंडळांनी पुढच्या शिबिरात बोटाला टोचून फक्त एचबी पाहण्यावर भागवू नये. रक्तपेशींची पूर्ण तपासणी (सीबीसी) करून घ्यावी आणि छापील कागद ज्याच्या त्याच्या हाती द्यावा. शिबिर गळिताच्या हंगामात असेल तर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरही आदल्या दिवशी निरोप पोहोचवावा आणि वेळ फडावरून परतणाऱ्या बायकांना जमेल अशी, संध्याकाळची ठेवावी.