घरांतील यंत्रें आणि चांद्याचें ऊन

यंत्र घरांत आणणें सोपें. तें घरांत नांदविणें कठीण. आज कित्येक कुटुंबांत संगणक आहे, दूरचित्रवाणी आहे, मिळवत्या माणसांच्या खिशांत मोबाईल तर आहेच. हीं यंत्रें घेतांना आपण दहा दुकानें हिंडतों, किंमतीची घासाघीस करतों, पुण्या-मुंबईच्या नातलगांचा सल्ला घेतों. परंतु तीं ज्या भिंतीपाशीं आपलें आयुष्य काढणार, त्या भिंतीची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे इतकीं वर्षें काढून आणि चार आप्तांच्या घरचीं यंत्रें पाहून आमचें असें मत झालें आहे कीं, इकडे जीं यंत्रें अकालीं बिघडतात त्यांपैकीं पुष्कळांचा दोष यंत्रांत नसून घरांत असतो. तो ओळखला तर हजारों रुपये वांचतात. क्वचित् प्रसंगीं जीवहि वांचतो.

पहिली गोष्ट उष्म्याची. आमचें चंद्रपूर, म्हणजे जुन्या लोकांचें चांदा, देशांतील अत्यंत तापणाऱ्या शहरांत मोडतें. उन्हाळ्यांत पारा ४७-४८ अंशांवर गेल्याच्या येथें नोंदी आहेत. घरगुती संगणकाचा कारखानदार मात्र आपल्या माहितीपत्रकांत बहुधा ३५ अंशांपर्यंतचीच हवा गृहीत धरतो. त्यांत भर पडते ती कोळशाच्या धुळीची. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर हा सारा खाणींचा मुलूख, आणि ५००-५०० मेगावॅटचे पांच मोठे संच असलेलें वीजकेंद्रहि शहराच्या उशाशींच.

आमच्या घरचा संगणक एका वैशाखांत रोज दुपारीं दोनच्या सुमारास आपोआप बंद पडूं लागला. तरुण मंडळींनीं ‘व्हायरस’चें निदान केलें; एका दुकानदारानें मदरबोर्ड बदलावयास सांगितलें. शेवटीं एका जुन्या कारागिरानें पेटी उघडली, तों प्रोसेसरवरील पंख्याखालीं ॲल्युमिनियमच्या पात्यांत काळ्या धुळीचा जाड थर! मऊ ब्रशानें ती धूळ काढून त्यानें थर्मल पेस्टचा नवा लेप दिला, आणि यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. प्रोसेसर फार तापला म्हणजे आधीं मंदावतो आणि तरीहि ताप उतरला नाहीं तर स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं यंत्र बंद करतो, एवढाच त्याचा अर्थ होता.

उष्म्याचें खरें नुकसान डोळ्यांना दिसत नाहीं. यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या भागांत लहान डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्या आंतील द्रव उष्णतेनें हळूहळू सुकत जातो. तापमान १० अंशांनीं वाढलें कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला यंत्र टेकवूं नये, बंद कपाटांत कोंडूं नये, आणि हौसेनें भरलेलें आवरण चालू यंत्रावर घालूं नये. कूलर आमच्याकडे घरोघरीं. परंतु त्याच्या ओल्या झोताच्या तोंडींहि यंत्र नसावें. मोबाईलची बॅटरी फुगलेली दिसतांच ती वापरांतून काढावी. दाबून किंवा टोंचून पाहण्याचा खटाटोप आगीस आमंत्रण देतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कित्येक जुन्या घरांत तीन पायांचा प्लग बसतो, पण त्याच्या मोठ्या छिद्रामागें तारच नसते! अशा घरीं संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लागला कीं मुंग्या येतात, आणि मंडळी ‘थोडा करंट लागतोच’ म्हणून हंसून सोडून देतात. ह्या मुंग्यांचें कारण असें : विजेंतील खळबळ गाळण्यासाठीं वीजपुरवठ्याच्या भागांत छोटे कपॅसिटर पेटीला जोडलेले असतात. जमिनीकडे वाट नसली तर पेटीवर २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदीं थोडा, म्हणून नुसता चिमटा बसतो; परंतु उद्यां आंतील एखाद्या तारेचें आवरण फाटलें तर हीच पेटी प्राणघातक ठरेल. त्या चिमट्याला घराची तक्रार समजावें आणि त्याच आठवड्यांत वायरमनला बोलवावें.

अर्थिंग एकदां केलें म्हणजे जन्माचें झालें, असेंहि नाहीं. आमच्या उन्हाळ्यांत जमीन भेगाळते, खड्ड्यांतील मीठ-कोळसा कोरडा पडतो, आणि वीज जिरण्याची वाट अडते. तेथें अधूनमधून बादलीभर पाणी ओतावें लागतें. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मीटरपाशीं बसविली तर लहान मुलांच्या घरीं मनाला मोठा दिलासा राहतो. कित्येक लोक महागडी सर्ज-पट्टी घेतात. पण जादा दाबाला जमिनींत उतरावयास वाटच नसेल तर तिचें काम अपुरेंच राहणार.

तिसरी गोष्ट आभाळांतल्या विजेची. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बहुतांशीं अरण्यच आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड ह्या बाजूस तारा जंगलांतून लांबवर जातात. वादळांत फांदी पडते, पुरवठा तुटतो, आणि परत येतो तो कधीं कमी तर कधीं जास्त दाबानें. वीज येतांच सर्व यंत्रें सुरूं न करतां चार-पांच मिनिटें थांबणें हा ह्यावरचा अगदीं फुकटचा उपाय. आरमोरीकडील आमच्या एका आप्तांच्या घरीं वळवाच्या पावसांत दूरचित्रवाणी जळाली. बटण तर बंद होतें! परंतु छपरावरील डिशची तार मागें जोडलेलीच होती. शिवाय बटणाच्या आंतील फट फार तर कांहीं मिलिमीटरांची. ढगांतून जमिनीवर येणाऱ्या विजेला ती काय अडविणार? तेव्हां आभाळ काळवंडतांच प्लग, डिशची तार आणि इंटरनेटची तांब्याची तार, तिन्ही काढून ठेवावीं. डोक्यावर गडगडाट सुरूं झाल्यावर मात्र त्यांना हात लावूं नये.

असो. आमच्या गृहिणी वर्षाचीं कामें महिन्यांवर बांधतात : पापड उन्हाळ्यांत, लोणचें पावसाच्या तोंडावर. यंत्रांचींहि तीन कामें तशींच बांधून टाकावीं. चैत्रांत धूळ काढणें व अर्थिंगला पाणी घालणें. मृगाच्या आधीं तारा काढण्याचा नेम घरांतील सर्वांस शिकविणें. आणि दिवाळीच्या आवराआवरींत संगणकांतील छायाचित्रांची व कागदपत्रांची दुसरी प्रत करून ती परगांवच्या भावाकडे किंवा लेकीकडे ठेवणें. यंत्र गेलें तर पैसे भरून दुसरें आणतां येतें. आजीच्या आवाजांतील ओंव्या एकाच डिस्कवर होत्या आणि ती डिस्क गेली, तर त्या ओंव्या कोणत्या दुकानांत मिळणार?