मोडले कोणी, भरायचे कोणी?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शाळा-महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे विद्यार्थ्यांच्या रांगा लागतात. ग्रंथालयाचे पुस्तक परत आले की नाही, प्रयोगशाळेत काय फुटले, वर्गातील बाक कोणी मोडले, याचा वर्षभर कोणी न पाहिलेला हिशेब तेव्हा एकदम निघतो आणि अनामत रकमेतून पैसे कापून घेऊन मिटविला जातो. संस्थेच्या वस्तूची जबाबदारी विद्यार्थ्याने घेतली पाहिजे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पैसा अनुदानाचा असो वा देणगीचा, बाकाची ती फळी अखेर कोणाच्या तरी कष्टातून आलेली असते. प्रश्न एवढाच की, पैसे कापून घेतल्याने ही जबाबदारी शिकविली जाते काय?

प्रथम नुकसानीचे प्रकार वेगळे केले पाहिजेत. वापराने होणारी झीज ही कोणाचीच चूक नव्हे. हिशेबाच्या भाषेत तिला घसारा म्हणतात आणि तो मालकाने सोसायचा असतो. पंधरा वर्षे वापरलेले बाक मोडले म्हणून त्यावर शेवटी बसलेल्या मुलाकडून नव्या बाकाची किंमत वसूल करणे, म्हणजे मागल्या पंधरा वर्षांची झीज त्याच्या एकट्याच्या माथी मारणे होय. आपत्तीचा विचारही निराळा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि सांगली नगर वाचनालयाच्या हजारो पुस्तकांचा लगदा झाला. त्या दिवसांत ज्याच्या घरात पाणी शिरले, त्या मुलाकडे शाळेच्या पुस्तकाची भरपाई मागणे कोणाही विचारी माणसाला पटणार नाही. उरतात ते दोन प्रकार : निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर केलेली मोडतोड. जबाबदारीचा खरा प्रश्न या दोहोंपुरताच आहे.

तेथेही सोपी वाट धरली जाते. मोडणारा सापडत नाही म्हणून सबंध वर्गाला सारखा दंड केला जातो. या पद्धतीत वसुलीची सोय आहे, न्याय नाही. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात पाचशे रुपयांचे नुकसान झाले, तर मोडणाऱ्याच्या वाट्याला दहा रुपये येतात आणि जपणाऱ्याच्याही वाट्याला दहाच येतात. जपणे आणि मोडणे यांचे मोल असे एकच झाले की जपण्याला अर्थ उरत नाही.

व्यक्तिगत दंडानेही काम भागते असे नाही. ग्नीझी आणि रस्टिकीनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील हैफा येथील दहा पाळणाघरांत केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सहा पाळणाघरांत, मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू करण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड मागे घेतल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. पालकांना आपल्यासाठी ताटकळणाऱ्या शिक्षिकेचा जो संकोच वाटत होता, तो दंडाने नाहीसा केला. दंड हा उशिराचा दर ठरला. ‘पैसे भरले की झाले’ असे म्हणून पुस्तकाची पाने फाडून नेणारा विद्यार्थी याच मार्गाने घडतो.

आणि हा दर सर्वांना सारखा झेपत नाही. सधन घरातील मुलाच्या लक्षातही न राहणारी रक्कम शेतमजुराच्या घरी एका दिवसाची मजुरी असते. अशा घरच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हरवलेल्या पुस्तकापायी अडवून ठेवणे हा शिस्तीचा नव्हे, अडवणुकीचा प्रकार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाच्या काळात शाळा बदलणाऱ्या मुलाला दाखला तत्काळ देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक केले असून, विलंब लावणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे. पुस्तकाची किंमत शेकड्यांत मोजता येते. अडलेल्या वर्षाची येत नाही.

मग उपाय कोणता? त्यासाठी कृष्णाकाठाने वर साताऱ्याकडे पाहावे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि स्वयंपाकापासून सफाईपर्यंतची कामे स्वतः करीत. पुढे ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थ्यांनी शेतात राबून शिक्षणाचा खर्च उचलला. संस्थेच्या इमारतींसाठी दगडमाती वाहिली. ज्याने भिंतीचा दगड डोक्यावरून आणला, त्याला ती भिंत विद्रूप करू नकोस असे बजावण्यासाठी फलक लावावा लागत नाही. स्वावलंबनाचे ब्रीद केवळ गरिबीवरचा तोडगा नव्हता. संस्था आपली आहे हे शिकविण्याची ती रीत होती.

आज प्रत्येक विद्यार्थ्याने दगड वाहावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु फाटलेल्या पुस्तकाची बांधणी, सैल झालेल्या बाकाची दुरुस्ती, रेघोट्या ओढलेल्या भिंतीची रंगसफेदी ही कामे मोडणाऱ्याच्या हातून, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि त्याची मानहानी न करता, करवून घेता येतील. जेथे पैसेच घ्यावे लागतील, तेथे घसारा वजा जाता उरणारी किंमत, पावती देऊन आणि परिस्थिती पाहून हप्त्यांनी घ्यावी. संस्थांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. वस्तू देताना तिची स्थिती नोंदवावी आणि कापलेल्या अनामत रकमेतून काय दुरुस्त झाले, हे फलकावर लिहावे. गळके छप्पर वर्षानुवर्षे तसेच ठेवणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्याला निगराणीचा धडा द्यावा, हे शोभत नाही.

सार्वजनिक वस्तू जपणारा नागरिक एकाएकी निर्माण होत नाही. एस.टी.च्या गाडीतील फाडलेले आसन आणि वर्गातील कोरलेले बाक यांत अंतर थोडे असते. ते आसन वाचवायचे असेल, तर आधी बाक दुरुस्त करण्याचे शिक्षण वर्गातच मिळाले पाहिजे.