वांड म्हणून किती दिवस बडवणार?

पोरगं जागेवर बसत नाही. फळ्यावरचं निम्मं उतरवून वही तशीच टाकतं, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडतं, पेन्सिल रोज हरवतं. त्यावर आमच्याकडे एकच औषध ठरलेलं: पाठीत धपाटा आणि कपाळावर ‘वांड’ हा शिक्का! पुढे त्याची शाळा सुटते आणि गाव म्हणतं, त्याच्या डोक्यातच नव्हतं. हे धादांत खोटं आहे आणि उघड अन्याय आहे!

वैद्यकशास्त्र या अवस्थेला एडीएचडी म्हणतं. लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावीळपणा ही तिची लक्षणं. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. त्यात ना पोराची मस्ती, ना आईबापांचे लाड. जगभरात शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत तो आढळतो. अशा मुली तर बऱ्याचदा गप्प बसून हरवलेल्या असतात, म्हणून त्या कुणाच्या नजरेतच येत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातला आपला धानोरा तालुका याला अपवाद कसा असेल?

सरकारला ठाऊक नव्हतं, ही सबब चालणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत एडीएचडी नावानिशी आहे. पण शाळेत वर्षातून एकदा तपासणी, आणि त्यात वजन, उंची, डोळे, दात बघत रांग पुढे सरकते. चंचलता वजनकाट्यावर मोजता येत नाही! निदानासाठी लक्षणं सहा महिने टिकलेली, वयाच्या बारा वर्षांआधी दिसलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे आढळलेली असावी लागतात. आश्रमशाळेत राहणाऱ्या पोराचं घरचं वागणं कोणाला विचारणार? आईबाप सुटीतच भेटतात. जेवता जेवता उठून पळणारं, रात्री उशिरापर्यंत चुळबुळणारं पोर अधीक्षकांना दिसतं. विचारायचं तर त्यांनाच विचारा, पण आधी त्यांना शिकवा.

आणि शिकवणं वरवरचं नको. घरात गोंडी बोलणाऱ्या पोराला मराठी पुस्तक कळलं नाही, तर त्याचं लक्ष उडणारच. सिकलसेल, हिवताप, रक्तक्षय, कमी ऐकू येणं यांनीही पोर मरगळतं. हे सारं न तपासता ‘वांड’ पुसून ‘एडीएचडी’ लिहिणं हा दुसरा अन्याय ठरेल. म्हणून गोंडी जाणणारा प्रशिक्षित माणूस हवा.

कायद्याची तऱ्हा तर पाहा! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारहाणीला २००९ सालीच बंदी घातली. तरीही छडी उगारली जात असेल, तर तो कायद्याचा भंग आहे, शिस्त नव्हे.

पैसा नाही, असं कोण म्हणतं? आमच्याच जिल्ह्यातल्या सुरजागडचा डोंगर फोडून लोहखनिज बाहेर जातं. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा कायदा आहे आणि आरोग्य, शिक्षण, बालके, दिव्यांग हे त्याचे अग्रक्रमाचे विषय आहेत. पेसा कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी मिळतो. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हा आमच्या लेकरांचा हक्क आहे. आम्ही भीक मागत नाही!

हे जमेल का, अशी शंका इथे तरी कुणी काढू नये. याच तालुक्यात चातगावजवळच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळांची शुश्रूषा शिकवली आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडलं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारी मेंढा-लेखा ग्रामसभा याच मातीतली. बाळ जगवणं गावाला जमलं, जंगल राखणं जमलं. मग जगलेलं पोर शाळेत टिकवणं का जमू नये?

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक आश्रमशाळेतला एक शिक्षक आणि अधीक्षक प्रशिक्षित करा. तालुक्याला दरमहा बालमनोविकारतज्ज्ञ पाठवा आणि संशयित मुलांना गडचिरोलीला नेण्या-आणण्याचं भाडं द्या. दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एडीएचडी घाला. आणि ग्रामसभांनो, तुम्ही वाट पाहू नका! ऑक्टोबर हा जगभर एडीएचडी जागृतीचा महिना असतो. त्या महिन्यात सभा बोलवा, गोंडीत बोला, तेंदू-बांबूच्या उत्पन्नातला वाटा या मुलांसाठी बाजूला काढा आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून सरकारचा वाटा मागा. गावाने आधी आपला पैसा टाकला, की सरकारला तोंड चुकवायला जागा उरत नाही.